वाटेकडची भिंत

गहिनीनाथ लोहाराच्या पायाला भिंगरी होती, हे लग्नाआधी सत्यभामेला कुणी सांगितलं नव्हतं. सांगितलं असतं तरी तिला विचारत कोण होतं म्हणा! आष्टीकडच्या एका लोहाराची ही थोरली पोर, अंगानं धट्टीकट्टी. तिनं घण उचलला की बापाला दुसऱ्या गड्याची गरज पडायची नाही. गहिनीनाथचा बाप सोयरीक बघायला गेला तेव्हा त्यानं पोरीला चालून दाखवायला सांगितलं नाही की स्वयंपाकाचं विचारलं नाही. भट्टीतलं लाल लोखंड ऐरणीवर धरलं आणि म्हणाला, "हाण." तिनं चार घाव घातले आणि म्हाताऱ्यानं तिथंच सुपारी फोडली. सासऱ्यानं घण चालवणारी पारखून घेतली. नवरा कसा आहे हे बघायचं मात्र सगळ्यांचंच राहून गेलं.

तिचं सासर गेवराईच्या पुढं, शहागडकडे जाणाऱ्या गाडीवाटेवर. शहागडला गोदावरी ओलांडली की अंबड आणि अंबडच्या पुढं जालना. जालन्याला आगगाडी आली होती आणि तिच्या मागोमाग कापसातली सरकी काढायचे कारखाने आले होते. लोक त्यांना जिन म्हणत. दसरा झाला की कापसाच्या गाड्या रांगेनं या वाटेला लागायच्या, आणि बैलांच्या घुंगरांचा आवाज आला की गहिनीनाथच्या हातातली हातोडी थांबायची. बाप होता तोवर नुसती थांबायची. बाप गेला, आणि त्याच साली गहिनीनाथ "जरा शहागडपत्तोर जाऊन येतो" म्हणून निघाला तो थेट उन्हाळ्यात परत आला. जालन्याच्या एका जिनात फिटरच्या हाताखाली राहिलो होतो, असं त्यानं भाकरी खाता खाता सांगितलं. शेजारच्या आळीतून जाऊन आल्यासारखं सांगितलं.

पुढच्या साली परत तेच. आता नवरा गेला तर बायकोनं घर धरून बसावं, पण लोहाराच्या घरात तसं जमत नाही. गावाची लोहारकी वेशीजवळच्या लिंबाखाली चालायची. वर पाचटाचं छप्पर, भिंत एकही नाही. शेतकरी फाळ घेऊन यायचा, कोळसा स्वतःचा आणायचा आणि आपल्या फाळावर घण आपणच घालायचा. लोखंड सांडशीत धरायचं लोहारानं. घाव कुठं पाहिजे ते त्यानं हातोडीची टिचकी मारून दाखवायचं आणि शेतकऱ्यानं बरोबर तिथं हाणायचं. हातोडी ऐरणीवर आडवी ठेवली की थांबायचं. ज्याला घण झेपत नाही किंवा ज्याच्याकडं माणूस नाही, त्याच्यासाठी लोहाराची बायको पदर खोचून उभी राहायची. या सगळ्याबद्दल खळ्यावर लोहाराच्या वाट्याचं धान्य मिळायचं. लोहारच जागेवर नसेल तर ते धान्य कोण आणि का देणार?

मुंजाजी नावाचे एक वयस्कर शेतकरी होते. गावात त्यांचा शब्द चालायचा आणि तोंड त्याहून जास्त चालायचं. ते अंगणाच्या दाराशी उभे राहून खाकरायचे. सत्यभामा डोक्यावर पदर ओढून दाराआड उभी राहायची.

"सूनबाई, तुजा दादला यायचा हाय का न्हाई? न्हाई तर तसं सांग. माजलगावचा एक लोहार मागंच लागलाय. त्याला आणून बसवतो, म्हंजी आमी सुटलो आन् तू म्हायेराला सुटली."

सुनेनं वडीलधाऱ्यांना उत्तर द्यायचं नसतं, म्हणून ती गप्प राहायची. माहेर आता भावजयांचं झालं होतं. तिथं दिवाळीचे चार दिवससुद्धा तिला लांबलचक वाटायचे. मूल नव्हतं. असतं तर त्याच्या ओढीनं तरी गहिनीनाथ टिकला असता, असं बायका तिला तोंडावर सांगत. म्हणजे नवरा जातो हीसुद्धा तिचीच चूक! घुंगरं वाजली की त्याच्याआधी आता तीच हातातलं टाकून दाराशी धावायला लागली. हा माणूस टिकला तर आपलं घर टिकेल, नाहीतर आपण कुठल्याच गावच्या राहणार नाही, एवढं तिला स्वच्छ कळत होतं.

तिसऱ्या खेपेला तो परत आला तो हैदराबादचं नाव घेऊनच. तिथल्या मोठ्या कारखान्यात ओळख निघाली होती म्हणे. सत्यभामेनं भाकरी तव्यावर तशीच ठेवली आणि विचारलं, "तिथं असं काय हाय, जे हितं न्हाई?"

आजवर तिनं कधी विचारलं नव्हतं, आणि तोही जणू कुणी विचारायची वाट बघत होता. तो सांगत सुटला. टेबलाला ठोकलेला शेगडा असतो, त्यात लोखंड आवळलं की हलत म्हणून नाही. खरखरीत कानस, मऊ कानस, तीनधारी कानस, प्रत्येकीचा खिळा भिंतीवर वेगळा. उजेडाला खिडकी असते. चार भिंतींच्या आत आपण आणि आपलं काम; डोक्याशी बसून तंबाखू थुंकणारं आणि अक्कल शिकवणारं कुणी नाही. "आन् हितं? लिंबाखाली बसून जल्मभर फाळ शेकायचे. एक कुलूप करावं म्हटलं तर धड हत्यार न्हाई."

भाकरी करपली. सत्यभामेनं ती खाली उतरवली आणि म्हणाली, "मंग आपल्या गोठ्यात करा की सगळं. गाय मी बाहीर बांधते."

गहिनीनाथ उठून गोठा पावलांनी मोजायला लागला. त्या एका वाक्यावर हैदराबाद मागं पडलं.

मग काय विचारता! गोठ्यातली दावण निघाली, शेणामातीनं जमीन सारवून दगडासारखी झाली. बाभळीच्या फळीचं जाड टेबल झालं. जालन्याहून परतणाऱ्या गाडीत सरकीच्या पोत्यांमध्ये शेगडा आला, आणि जिनातल्या फिटरनं दिलेल्या झिजक्या कानशी आल्या. वाटेच्या बाजूच्या भिंतीत गहिनीनाथनं खिडकी पाडली, कारण कानशीच्या कामाला उजेड बाजूनं पडावा लागतो. लिंबाखालची ऐरण बैलगाडीत घालून आणली. ती त्याच्या बापजाद्यांची, त्यामुळं गावाला बोलता आलं नाही. नाकं मात्र सगळ्यांनी मुरडली. ऐरणीचा ओंडका जमिनीत किती पुरायचा यावरून एक दिवस गेला. ताठ उभं राहून हात खाली सोडला की मूठ ऐरणीला टेकली पाहिजे, हा हिशोब. तो उभा राहायचा, मूठ टेकवायचा, ओंडका काढायला लावायचा, मूठभर माती टाकायचा आणि परत उभा राहायचा. सत्यभामा हसून हसून दमली.

हत्यारं करायची तर आधी त्यांना लागणारी हत्यारं करावी लागतात, हे तिला या दिवसांत कळलं. लांब तोंडाची सांडशी, आखूड तोंडाची सांडशी, छिन्न्या, भोक पाडायचे सुंबे. एक झालं की दुसऱ्यावाचून काम अडलेलंच असायचं. गहिनीनाथ पहाटे उठून भट्टी पेटवायचा. ती भाता ओढायची, लोखंड लाल झालं की उठून घण घ्यायची. त्याच्या हातोडीची टिचकी, तिच्या घणाचा घाव, टिचकी, घाव. दोघांना बोलावं लागत नव्हतं. त्या वर्षी दसऱ्यानंतर गाड्या गेल्या आणि त्यानं मान वर करून पाहिलंसुद्धा नाही. ती रात्री देवापुढं दिवा लावताना मनापासून खूश होती. इतकी, की आपलीच दृष्ट लागेल म्हणून तिनं ते शेजारणींनाही सांगितलं नाही.

त्याच्या हातचे अडकित्ते गेवराईच्या बाजारात नावानं विचारले जाऊ लागले. तराजूच्या दांड्या, कुलपं, पेटीच्या कड्या, सगळं देखणं. फाळ मात्र मागं पडले. शेतकऱ्यांची अडचण वेगळीच होती. लिंबाखाली येणं निराळं आणि कुणाच्या घरात, त्याच्या बायकोमाणसाच्या वावरात शिरणं निराळं. ते दाराशी खाकरायचे, फाळ आणि कोळशाचं पोतं उंबऱ्यावर ठेवायचे आणि निघून जायचे. आत येऊन घण कोण घालणार? सगळे फाळ सत्यभामेच्या खांद्यांवर आले. तिची त्याबद्दल तक्रार नव्हती. खांदे दुखले तर दुखले, माणूस तर घरात आहे.

पण माणूस घरात होता म्हणजे काय, हे पुढच्या पावसाळ्यात दिसायला लागलं. एके दिवशी त्यानं टेबल पूर्वेच्या भिंतीकडून पश्चिमेला हलवलं. आठवड्यात परत पूर्वेला नेलं. भिंतीवरचे खिळे उपटले आणि हात-दीड हात वर ठोकले. ऐरणीचा ओंडका उकरला, कारण तो म्हणे एका अंगाला कलला होता. तिनं पाणी भरलेली वाटी ऐरणीवर ठेवून दाखवली. पाणी कुठंच कललं नव्हतं. तरी उकरला. काम करता करता तो उठायचा, खिडकीशी जायचा, उगाच कानस झटकायचा, परत यायचा. तोवर लोखंड काळं पडलेलं.

"भाता ओढता येत न्हाई का नीट?" तो तिच्यावरच ओरडायचा.

सत्यभामा मुकाट्यानं परत भाता ओढायची. पण तिचा जीव थाऱ्यावर नव्हता. ती त्याची पावलं मोजल्यासारखी ऐकायची. चुलीपाशी असली आणि ठोक्यांचा आवाज बंद पडला की पिठाच्या हातानं धावत गोठ्यात येऊन बघायची. असला की काहीतरी निमित्त सांगायची, मीठ संपलं, गाय सुटली. रात्री त्याच्या धोतराचा सोगा आपल्या पदराला बांधून ठेवावा असं तिच्या मनात यायचं आणि स्वतःचीच लाज वाटायची.

नवरात्राच्या तोंडावर कापसाची पहिली गाडी वाटेनं गेली. गहिनीनाथ खिडकीशी उभा राहिला तो गाडी दिसेनाशी होईपर्यंत. त्या दिवशी सत्यभामेनं ठरवलं. दुसऱ्या दिवशी तो गेवराईच्या बाजाराला गेला. तिनं माती कालवली, दगड रचले आणि खिडकी बुजवून वरून गिलावा केला. तो परत आला तेव्हा गिलावा ओलाच होता.

"हे काय केलं?"

"उन्हाची झळ लई येतीय. आन् धूळ. तुमच्या कानशी खराब होत्यात."

कानशीचं काम त्यानं दिवा लावून केलं. भर दुपारी दिवा! सत्यभामेला आपण चांगलंच केलं असं वाटत होतं. आता ना वाट दिसेल ना गाड्या. घुंगरं ऐकू येत होती, पण त्याला ती काय करणार?

खंडेनवमीला गहिनीनाथनं सगळी हत्यारं धुऊन, पुसून मांडली, त्यांना हळदकुंकू वाहिलं. दसऱ्याला सारा गाव शिलंगणाला शिवेबाहेर गेला. तिन्हीसांजेला लोक आपट्याची पानं घेऊन परत आले, एकमेकांना सोनं दिलं, मोठ्यांच्या पाया पडले. सत्यभामा ओवाळायचं ताट घेऊन दारात उभी होती. सगळ्यांचे दादले आले. हिचा खरोखरीच सीमा ओलांडून गेला होता.

बातमी नबीनं आणली. नबी नालबंद, बैलांना आणि महसुलाच्या गिरदावरसाहेबाच्या घोड्याला नाल ठोकणारा, गहिनीनाथचा लहानपणापासूनचा दोस्त. नालांचं लोखंड इथूनच न्यायचा, म्हणून घरच्यासारखा. तो दाराबाहेर उकिडवा बसला आणि डोक्यावरची टोपी काढून गुडघ्यावर ठेवली.

"भाभी, शिवेवरूनच गाडीत बसला तो. मी लई बोललो, बे, घरात सांगून तर जा. हसला नुसता."

"काय कमी केलं मी त्येनला?" सत्यभामेनं हातातलं ताट खाली ठेवलं. "गोठा दिला. घण मारून मारून खांदे गेले माजे. आजून काय करायला पायजे व्हतं?"

नबीनं गुडघ्यावरची टोपी सरळ केली. मग हळूच म्हणाला, "राग नका मानू. तुमी त्याला कोंडलं, भाभी. लिंबाखाली व्हता तवा काय व्हायचं? हातोडी थांबायची, गाडीवाल्याशी चार गोष्टी व्हायच्या, आमी चिलीम ओढायचो, जालन्याचं, अंबडचं समदं ऐकायचा आन् परत बसायचा कामाला. त्याचं निम्मं जाणं बसल्या जागीच व्हायचं. तुमी तेबी बंद केलं."

तिला नबीचा इतका राग आला की तिनं दार लावून घेतलं. आणि मग दाराआड बसून ती रडली, कारण त्याचं म्हणणं खरं होतं. त्यानंच चार भिंती मागितल्या होत्या, हेही खरं होतं. ज्याला काय हवं ते स्वतःलाच कळत नाही, त्याला काय हवं ते आपल्याला कळलंय असं ती समजून चालली होती.

दसऱ्यानंतर परतीचा पाऊस जोरात झाला. काळ्या रानात वाफसा आला आणि ज्वारीच्या पेरणीची एकच घाई उडाली. कुळवांच्या फासा, म्हणजे खालची लोखंडी पाती, बोथटलेल्या, पेरायच्या पाभरीच्या फणांची टोकं झिजलेली. लोहाराच्या उंबऱ्यावर लोखंडाचा ढीग पडला आणि आत भट्टी थंड. मुंजाजी आले. या वेळी ते खाकरले नाहीत.

"बास झालं, सूनबाई. उद्या माजलगावला माणूस धाडतो. ओल काय तुज्या दादल्यासाठी थांबायची न्हाई."

ते वळले. त्यांची चार पावलं ती बघत राहिली, आणि मग सत्यभामा, जिनं या गावात कधी वडीलधाऱ्यापुढं तोंड उघडलं नव्हतं, दाराबाहेर आली.

"उद्या नका धाडू. फासा मी शेकते."

मुंजाजींना वाटलं आपण चुकून ऐकलं. "तू? घण तू मारशील, ठाव हाय मला. सांडशी कोण धरणार?"

"मीच."

"आन् मंग घण?"

"ज्याची फास त्यानं. रीतच हाय ती."

"ह्या घरात शिरून?" त्यांनी आत, अंगणाकडं, चुलीकडं, वाळत घातलेल्या लुगड्याकडं हात केला. "एकट्या बाईच्या घरात गावातले गडी घण मारायला शिरणार? तुजी अब्रू ऱ्हाईल का आमची?"

म्हाताऱ्याचं चुकत नव्हतं. ती आत गेली. गोठ्यात मधोमध उभी राहिली आणि तिनं वाटेकडच्या भिंतीकडं पाहिलं. बुजवलेल्या खिडकीचा गिलावा अजून पुरता वाळला नव्हता. तिनं पदर खोचला, घण उचलला आणि त्या गिलाव्यावरच पहिला घाव घातला. खिडकी गेली. मग बाजूची माती कोसळली. ती थांबली नाही. आपण काय करतोय याचा विचार तिनं त्या वेळी केला असेल असं मला वाटत नाही. तिला फक्त राग आला होता, स्वतःचा, नवऱ्याचा, घुंगरांचा, मुंजाजींचा, आणि हातात घण होता. आवाज ऐकून नबी धावत आला. धुळीनं माखलेली ती बाई बघून त्यानं आधी "या अल्ला" म्हटलं, मग मुकाट्यानं पाटी घेऊन माती उचलायला लागला. संध्याकाळपर्यंत वाटेकडची सगळी भिंत गेली. छप्पर दोन मेढींवर, लाकडी खांबांवर, उभं राहिलं. घराकडच्या बाजूला तिनं कुडाचा आडोसा लावला. आता भट्टी वाटेवर होती आणि घर घराच्या जागी.

दुसऱ्या दिवशी सकाळी सगळे जमले. अर्धे कामासाठी, अर्धे तमाशा बघायला. पहिली फास मुंजाजींची. दुसरं कुणी पुढं येईना, म्हणून तेच धोतर खोचून उभे राहिले. सत्यभामेनं पदर कपाळापर्यंत ओढला, लाल फास सांडशीनं ऐरणीवर आणली आणि हातोडीची टिचकी मारली. मुंजाजींनी घण उचलला आणि तसाच धरून राहिले. बाई दाखवणार आणि आपण हाणणार, हे त्यांच्या हाताला पटेना. फास काळी पडली. कुणीतरी हसलं. तिनं फास परत निखाऱ्यात सारली.

दुसऱ्यांदा टिचकी वाजली तेव्हा घण खाली आला. जरा बाजूला आला. तिनं त्याच जागी परत टिचकी मारली, जरा जोरात. या वेळी बरोबर पडला. सुनेनं वडीलधाऱ्यांशी बोलायचं नसतं, आणि तिला एक अक्षरही बोलावं लागलं नाही. इतकी वर्षं ज्या टिचक्यांच्या मागं ती घण घेऊन धावली होती, त्या तिच्या अंगात मुरल्या होत्या. कुठं ताणायचं, कुठं दाबायचं, कधी उलटायचं, हात आपोआप चालत होता.

पाणी पाजताना, म्हणजे तापलेली फास पाण्यात बुडवून कडक करताना, मात्र ती फसली. ते काम गहिनीनाथ पाठ करून उभा राहून करायचा. तिला कधी नीट दिसलंच नव्हतं. फास लालभडक असतानाच तिनं पाण्यात बुडवली. मुंजाजींनी ती दगडावर आपटून पाहिली आणि तिचा टवका उडाला. सत्यभामेला वाटलं, जमिनीनं पोटात घ्यावं.

मुंजाजींनी तुटका टवका उचलला, उलटासुलटा करून पाहिला. "तुज्या सासऱ्यानं माज्या बापाची पयली फास अशीच मोडली व्हती," ते म्हणाले. खरं होतं की त्यांनी तिथल्या तिथं रचलं, देव जाणे. मग त्यांनी परत घण घेतला. "चल, सूनबाई. ओल जायलीय."

पुढची फास तिनं काळपट होईपर्यंत धरली, मग बुडवली. ती टिकली. दिवस मावळेपर्यंत ढीग निम्मा झाला. थांबलेले लोक पाळीपाळीनं भाता ओढत होते, चिलीम फिरत होती, नबी कोपऱ्यात नाल ठोकत होता. माजलगावला कुणी माणूस धाडला नाही. पेरणी झाली. पेरणी संपली तरी लोक येत राहिले. सत्यभामा रात्री भाकरी खाऊन पडायची ती सकाळपर्यंत कूस न बदलता झोपायची. गहिनीनाथची आठवण यायची आणि जीव कासावीस व्हायचा, हे ती नाकारत नव्हती. पण ती आठवण आता काम संपल्यावर यायची.

ज्वारी गुडघ्याला लागली होती तेव्हाची गोष्ट. जालन्याहून सरकी घेऊन परतणारी गाडी वाटेवर थांबली. पोत्यांवर गहिनीनाथ बसला होता. घर कुठं गेलं असं त्याला पहिल्यांदा वाटलं असावं. भिंत नाही, ऐरण उघड्यावर, दहाजण बसलेले आणि मधोमध त्याची बायको सांडशी घेऊन. तो उतरला आणि मेढीला धरून उभा राहिला. चिलीम थांबली. भाताही थांबला.

सत्यभामेनं त्याच्याकडं पाहिलं. त्याचे गाल बसले होते. तिला वाटलं उठावं, पाणी द्यावं. पण लोखंड भट्टीत होतं.

"भिंत?" तो म्हणाला.

"पाडली."

"कावून?"

"तुमाला जाताना वळसा पडत व्हता," ती म्हणाली आणि भात्याकडच्या माणसाला म्हणाली, "ओढा."

नबीनं तोंडाला टोपी लावली. बाकीच्यांनी माना खाली घातल्या. गहिनीनाथ पुढं आला आणि सवयीनं त्यानं सांडशीसाठी हात पसरला. तिनं लोखंड भट्टीतून काढलं, ऐरणीवर ठेवलं, आणि सांडशी स्वतःच्याच हातात ठेवून टिचकी मारली. त्या कामाचा मालक म्हातारा होता, त्याला घण झेपत नव्हता. घण ऐरणीला टेकून उभा होता. लोखंडाची लाली उतरायला लागली. तिनं परत टिचकी मारली. गहिनीनाथनं अंगरखा काढला, घण उचलला आणि ती दाखवेल तिथं हाणायला लागला. घण त्याला जड गेला. एवढ्या वर्षांत तो त्यानं कधी उचललाच नव्हता. दोनदा त्याचा घाव चुकला आणि दोनदा तिनं त्याला परत तीच जागा दाखवली. लोखंड तिसऱ्यांदा तापून आलं तोवर त्याला धाप लागली, कपाळावरचा घाम डोळ्यात गेला. तिच्या खांद्यांकडं त्यानं त्या वेळी पाहिलं ते तिला दिसलं.

लोक गेल्यावर तिनं त्याला जेवायला वाढलं. भट्टीशीच बसून तो जेवला. समोर वाट होती, तीवरून एक रिकामी गाडी शहागडकडं चालली होती. तो गाडीकडं बघत राहिला आणि सत्यभामा त्याच्याकडं. एरवी घुंगरं वाजली की ती हातातलं टाकून धावायची. आज ती जागची हलली नाही, तेव्हा तिलाच नवल वाटलं.

"एक सांगू का?" ती म्हणाली. "तुमी ऱ्हावं असं मला लई वाटतंय. पयल्यापास्नं वाटतंय. पर आता तुमी गेलात तर भट्टी इझत न्हाई आन् मला कुणी गावातनं काढत न्हाई. तवा भिऊन थांबवणार न्हाई मी तुमाला. जायचं तर आताच जावा, ती गाडी आजून लांब गेली न्हाई."

गहिनीनाथनं हातातला घास ताटात ठेवला. जायचं असलं की काहीतरी निमित्त सांगायचं, कुणी अडवलं तर हसायचं आणि सटकायचं, असाच तो आजवर जात आला होता. असं दार सताड उघडून कुणी त्याला जा म्हटलं नव्हतं. गाडी वळणावर गेली, दिसेनाशी झाली.

"फासांला पाणी कसं पाजतीस?" शेवटी त्यानं विचारलं.

"काळपट झाली की बुडवते."

"उद्या दाखीव," तो म्हणाला. "मी जरा येगळं करतो. सांगतो तुला." आणि त्यानं घास उचलला.

सत्यभामेनं त्याला आणखी एक भाकरी वाढली. मग उद्याच्या फासा ऐरणीजवळ काढून ठेवल्या आणि ती चुलीकडं गेली.